पुराच्या गाळाचा बाळयेशू

महाडला पावसाळ्यात सावित्री आमच्या घरी येऊन जायची. दरवर्षी नाही, पण बऱ्याच वर्षी. खालची सगळी आळी तयारीत असायची. गाद्या माळ्यावर, तांदळाचा डबा वरच्या फळीवर आणि रेडिओ शेजारच्या खालाकडे, कारण तिचं घर दोन मजली होतं आणि नवरा आखाती देशात असल्यामुळे वरचा मजला रिकामाच पडलेला. पाणी यायचं, उंबरा ओलांडायचं, एखाद्या दिवसाचा मुक्काम करून निघून जायचं. मागे राहायचा तो गाळ. राखाडी, मऊ, बोटांना साबणासारखा लागणारा. लोक फावडी घेऊन तो उपसायचे आणि नदीला तोंडाला येईल ते बोलायचे. माझी आजी मात्र स्वयंपाकघरात उकिडवी बसून तो दोन बोटांत चोळून बघायची. "यंदा चांगला आहे," म्हणायची. आई कपाळाला हात लावायची. घरात घोटाभर चिखल, आणि सासूबाई त्याची प्रत बघतायत.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. मूळची नगरकडची, घराणं दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. तरुणपणी पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि सगळी नोकरी तिनं तिथंच काढली. त्या खोऱ्यातली अर्धी माणसं आपल्या हातात पहिल्यांदा रडली असं ती म्हणायची. त्यात थोडी बढाई होती, पण फार नव्हती. एसटी स्टँडवर, बाजारात, कुठंही तिला बघून बाया थांबायच्या. "नर्सबाय, वळखलाव का?" आजी चेहरा बघून ओळखत नसे. जरा विचार करून म्हणायची, "तू ती पायाळू ना गो?" आणि बाई एवढी खूश व्हायची की हातातली भाजीची जुडी आजीच्या पिशवीत टाकून जायची.

आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. निवृत्त झाल्यावर आजी महाडला आमच्या घरी राहायला आली, पण तिच्याकडे बाळं दाखवायला आणायची रीत काही थांबली नाही. सव्वा महिना झाला की बाया दुपट्यात गुंडाळलेलं मूल घेऊन दारात उभ्या. औषध नको, इंजेक्शन नको, नुसतं नर्सबाईंनी बघायचं. आजी मूल उताणं-पालथं करून बघायची, मुठी उघडून बघायची, मग त्याच्या टाळूवर हात ठेवून डोळे मिटायची. ती प्रभू येशूजवळ मागणं मागतेय हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाची हरकत नसे. उलट एखादं मूल रडायला लागलं तर आईच त्याला दटावायची, की गप रे, बाय देवाशी बोलतात.

तिच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. सलाईनच्या नळ्यांचे रंगीत मासे, इंजेक्शनच्या बाटल्यांची दाराला माळ, जुन्या बँडेजच्या बाहुल्या. आमचं घर म्हणजे दवाखान्याचं अडगळीचं कपाट कुणीतरी सणासाठी सजवलंय असं दिसायचं. पहाटे चूल पेटवताना ती गीत म्हणायची, आणि म्हणता म्हणता कणकेचा एखादा पक्षी करून ताटाच्या कडेला बसवायची. मला आजही अर्धवट झोपेत ते गाणं ऐकू येतं. त्यातले शब्द सुटून गेलेत, नुसती चाल राहिलीय आणि तिच्यामागून येणारा धुराचा वास.

गाळ मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा होता. तो ती गाळून घ्यायची, काड्या-कचरा वेचायची आणि घमेल्यात भरून ओल्या गोणपाटाखाली आपल्या खाटेच्या खाली ठेवायची. तो नाताळपर्यंत तसाच राहायचा.

नाताळची तयारी आमच्याकडे दिवाळीतच सुरू व्हायची. आळीतली पोरं आमच्या अंगणात किल्ला करायची. रायगडाच्या सावलीतली पोरं ती, त्यांच्या किल्ल्याला नाव ठेवायची सोय नव्हती. दिवाळी झाली की महाराजांची मूर्ती ज्याची तो घरी न्यायचा, आणि किल्ला आजीच्या ताब्यात यायचा. तो मोडायचा नाही असा तिचा आणि पोरांचा करार होता. डिसेंबरापर्यंत त्यावर पेरलेली मोहरी वाळून पिवळी पडायची. आजी म्हणायची, तिकडे गवत असंच असणार. मग बालेकिल्ल्याखाली गुहा कोरली जायची, मावळ्यांच्या अंगावर गोणपाटाची चिंधी चढून ते मेंढपाळ व्हायचे आणि किल्ल्याचं बेथलेहेम व्हायचं. मी बरीच मोठी होईपर्यंत माझी समजूत अशी होती की बेथलेहेम हिरकणीवाडीच्या थोडं वर आहे, आणि पायऱ्या चढून जायचा कंटाळा म्हणून घरचे मला नेत नाहीत.

गाळाची माणसं आजी दुपारी करायची. पडवीत ऊन तिरकं यायचं, खाला भिंतीपलीकडून येऊन पायरीवर बसायची. तिच्या धर्मात मूर्ती चालत नसत, म्हणून ती तोंड रस्त्याकडे करून बसायची.

"मी बघत नाय हां," ती म्हणायची. जरा वेळानं म्हणायची, "पन ती मेंढी लंगडी झालीय."

आजी मेंढीचा पाय नीट करायची. मारिया, योसेफ, गाय, गाढव सगळं आधी व्हायचं. बाळ शेवटी, अगदी नाताळच्या आदल्या दिवशी. आणि त्याचा चेहरा आजी मनानं करत नसे. त्या हिवाळ्यात तिच्याकडे जी बाळं दाखवायला आलेली असत, त्यांतल्या एकाचा चेहरा ती घ्यायची. एका वर्षी तुडीलच्या शेतकऱ्याची मुलगी होती, एका वर्षी खालाचाच नातू, एका वर्षी डोंगरातल्या आदिवासी वाडीवरचं मूल. दाबलेलं नाक, सुजलेल्या पापण्या, कपाळाला म्हाताऱ्यासारख्या आठ्या. बाजारातल्या चित्रांतला गोरा गुबगुबीत बाळयेशू तिला मुळीच पसंत नव्हता. "असं मूल जन्मत नाही," ती म्हणायची. "मी एवढी बघितली, एक तरी असं यायला नको का?"

त्या त्या वर्षीची आई नाताळला येऊन गुहेत वाकून बघायची आणि लाजायची. हा आमचाच हाय, असं म्हणायची तिला लाज वाटे आणि न म्हणता राहवतही नसे.

नव्या वर्षाचे पहिले काही दिवस गेले की आजी सगळी माणसं, गायगाढवासकट, पाटीत ठेवून नदीवर न्यायची आणि पाण्यात सोडायची. कच्ची माती, भाजलेली नाही. पाण्यात ठेवली की बघता बघता विरघळायची. "तिची होती, तिला दिली," एवढंच तिचं म्हणणं. आळीतली पोरं अर्थातच मागून यायची. पाटीत मातीच्या मूर्ती आहेत आणि त्या पाण्यात सोडायच्यात म्हटल्यावर काय ओरडायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बाळयेशू मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

एका वर्षी नेमक्या या वेळी पाळकसाहेब घाटावर येऊन उभे राहिले.

महाडमध्ये तेव्हा ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. महिन्यातल्या एका रविवारी पाळकसाहेब देशावरून एसटीनं घाट उतरून येत आणि आमच्या बाहेरच्या खोलीत उपासना होई. खुर्च्या खालाकडून यायच्या. प्रभुभोजनाची तयारी आजीची. मनुका भिजवून, कुस्करून त्यांचा रस ती करायची आणि पावाचे लहान लहान तुकडे कापून पांढऱ्या फडक्याखाली ठेवायची. महिनाभर ती त्या सकाळची वाट बघायची. तुकडा जिभेवर ठेवल्यावर तिचा चेहरा मी लपून बघायची. दिवसभर उन्हातून चालत आलेल्या माणसाला सावलीत बसायला मिळावं तसा तो व्हायचा. त्या महिन्यात पाळकसाहेब एक दिवस आधीच आले, घरी कुणी दिसेना म्हणून नदीवर आले आणि त्यांनी ही मिरवणूक पाहिली.

"बाई, हे काय चाललंय?"

"परत करतेय, साहेब. नदीचं होतं."

"आणि ही पोरं काय म्हणतायत?"

"लवकर या म्हणतायत. शास्त्राच्या शेवटच्या पानावर 'ये, प्रभू येशू' याशिवाय आपण तरी दुसरं काय मागतो?"

पाळकसाहेब हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी चहाला हातही लावला नाही. मला त्यांचा राग आला होता, थोडा अजूनही आहे, पण ते जे बोलले ते मी विसरले नाही. ते म्हणाले, "माझे आजोबा घरातले देवांचे टाक नदीत सोडून ख्रिस्ती झाले, बाई. त्यापायी गावानं त्यांचं पाणी तोडलं. आयुष्यभर ते परके राहिले. आणि तुम्ही आपल्या प्रभूला त्याच वाटेनं पाठवताय."

आजीनं रिकामी पाटी भिंतीशी पालथी घातली. मग म्हणाली, "मग काय उकिरड्यावर टाकू?"

"करूच नका."

"हात ऐकत नाहीत, साहेब."

"मग हात ऐकेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नका. मला तुम्हाला देता येणार नाही." हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. आजीचा हात त्यांच्या आजारात त्यांच्या कपाळावर असायचा, रक्तदाब ती तपासायची, परतीच्या डब्यात पोळ्या ती भरून द्यायची. तरी ते बोलले.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली. आजीनंच पाव कापला, आजीनंच रस गाळला, फडकं नीट केलं आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. ताट तिच्यापाशी आलं आणि पुढे गेलं. त्यानंतर दर महिन्याला तसंच. तयारीत तिनं एकदाही कसूर केली नाही.

तिचे गुडघे दुखायचे म्हणून थंडीत आम्ही जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचो. शास्त्रात एक आजाऱ्यांचं तळं आहे, देवदूत येऊन त्याचं पाणी हलवतो; आजीच्या मते ते असंच असणार. वाफेत तिचा चेहरा दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. त्या वाफेत काहीही विचारावं असं वाटायचं. मी विचारलं, "आजी, ताट पुढे जातं तेव्हा तुला काय वाटतं?"

"पोटात खड्डा पडतो."

"मग सोड ना ती माती."

"सोडीन," ती म्हणाली. "यंदा सोडून बघते."

आणि त्या वर्षी तिनं खरंच सोडली. पूर येऊन गेला, गाळ सवयीनं घमेल्यात भरला गेला, पण डिसेंबर आला तरी गोणपाट निघालं नाही. किल्ला नुसताच वाळत उभा. पोरं येऊन विचारून गेली. खाला पायरीवर येऊन बसली आणि बघण्यासारखं काही नसल्यामुळे पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून बसली. आजी विणकाम घ्यायची आणि ठेवून द्यायची. पुढच्या उपासनेला साहेबांना शब्द द्यायचा, असं तिनं आईला सांगून ठेवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण घर कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी पोलादपूरच्या पलीकडून, वरच्या वाडीतून एक बाई आली. बरीच वाट चालून मग एसटीनं आलेली, सोबत सासू. आधीची तिची दोन मुलं राहिली नव्हती. हे तिसरं. आजीनं ते मांडीवर घेतलं, उताणं-पालथं केलं, मुठी उघडल्या. मूल हाडकुळं होतं आणि सारखं जांभया देत होतं.

सासू म्हणाली, "बाय, याचा चेहरा घ्याल काय यंदा? तुमी ज्याचा घेता त्याला काय व्हत नाय, आमच्याकडं सगली बोलतात."

"असं काही नसतं गो," आजी म्हणाली. "मी आपली माती मळते. राखणारा तो वरचा."

"तवा त्याला दाखवा तरी. याचं तोंड त्याला ठावं असूदे."

आजी बाळाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अंगठा त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून, भुवयांवरून हळूहळू फिरत होता. त्या बाया चहा पिऊन गेल्या. आजीनं मला खाटेखालचं घमेलं ओढायला सांगितलं. दिवेलागणीच्या आत ते जांभई देणारं बाळ गुहेत होतं. मारिया नाही, योसेफ नाही, गाय नाही; एकटंच.

जानेवारीत तिनं ते नदीत सोडलं आणि रविवारी पाळकसाहेबांना आपणहून सांगितलं. "केलं, आणि सोडूनही आले."

साहेबांनी मान हलवली. ताट पुढे गेलं.

मग ते तसंच चालू राहिलं. वर्षं गेली. आळीत केबल आली, मोबाइल आले, किल्ला करणारी पोरं मुंबईला नोकऱ्यांना गेली आणि त्यांच्या जागी दुसरी आली. पाळकसाहेबांचे केस पिकले, आजी वाकली. दोघांपैकी कुणी मागे हटलं नाही आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याला वाईट म्हटल्याचं मी ऐकलं नाही. फक्त मी कॉलेजला पुण्याला गेल्यावर सुट्टीत घरी यायची तेव्हा आई हळूच सांगायची, "हल्ली ताट जवळ आलं की त्या डोळे मिटून घेतात."

शेवटच्या वर्षी आजी खाटेवरून उठेनाशी झाली. काळाचा धागा तिच्या हातून सुटला होता. बहुतेक वेळ ती पोलादपूरच्या दवाखान्यात ड्युटीवर असायची. मला गरम पाणी आणायला सांगायची, आईला दाराबाहेर थांब म्हणायची. बोटं चादरीवर काहीतरी करत असायची. शुद्धीवर असली की एकच मागायची, "साहेबांना विचारा, आता देतील का?" आईनं फोनवरून निरोप धाडला. साहेब तेव्हा निवृत्त झाले होते, पण आले. पाऊस नुकताच सरला होता, दुपार होती, खिडकीतून भाताचा वास येत होता.

ते खाटेजवळ बसले. "बाई, ओळखलंत का?"

आजीनं ओळखलं नाही. आई म्हणाली, "साहेब, आता त्यांच्याकडून शब्द कसला घेणार?"

साहेबांनी पिशवी मांडीवर ओढली. मग त्यांनी पिशवीतून पाव काढला, प्रार्थना केली आणि एक तुकडा मोडून तिच्या हातात ठेवला. इतक्या वर्षांनी तो तिच्या हातात आला होता. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता ती तो तोंडाकडे नेईल.

तिनं तो नेला नाही. तिची बोटं त्याला लागली. पाव ताजा होता, मऊ होता. तिनं तो दाबला, वळला, अंगठ्यानं एकीकडे डोकं काढलं, नखानं त्याला मिटलेले डोळे कोरले. आई पुढे झाली तेव्हा साहेबांनीच हातानं तिला थांबवलं. जरा वेळानं आजीनं वर बघितलं. तिला वाटलं असावं की समोर दवाखान्याच्या बाकावर केव्हापासून ताटकळलेला कुणी बाप बसलाय.

"घ्या," ती म्हणाली. "मुलगा झाला. नीट धरा, मान सांभाळा."

पाळकसाहेबांनी दोन्ही हात पुढे केले आणि ते घेतलं. खरंच मान सांभाळून घेतलं. ते हातात धरून प्रभुभोजनाचे नेहमीचे शब्द त्यांनी म्हटले. मग त्यांनी ते तिच्या तोंडात ठेवलं, आणि आजीनं ते खाल्लं.